घराच्या भाडेपट्ट्याची मुदत वाढवायची तर आधी काय तपासायचे

मुदतवाढीचे काम सुरू होते कपाटातल्या मूळ लीज डीडपासून. तो दस्त हाती नसेल तर अर्ज लिहायला बसू नका. नोंदणी क्रमांक आणि वर्ष माहीत असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल मिळते. सोबत सूची दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) आणि नगर भूमापन कार्यालयातली ताजी मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड) काढा. पत्रिकेवर धारक म्हणून कोणाचे नाव आहे आणि पट्ट्याची नोंद कशी आहे, हे मूळ दस्ताशी ताडून बघा. दोन्हींत फरक निघाला तर तो आधी दुरुस्त करावा लागतो.

मग जमीन कोणाची ते पाहा, कारण वाट त्यावरून बदलते. नाशिकच्या पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक या भागांतल्या सिडकोच्या घरांचा पट्टा 99 वर्षांचा आहे, त्यामुळे तिथे मुदत संपण्याची घाई नाही. तिथे अडते ते नावांच्या साखळीत. मूळ लाभार्थ्याने घर दुसऱ्याला दिले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि सिडकोच्या दप्तरी अजून पहिलेच नाव. मधला व्यवहार नुसत्या मुखत्यारपत्रावर झाला असेल तर त्याने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. आधी वारस नोंद किंवा रीतसर हस्तांतर, मग पुढचे सगळे. म्हाडाच्या किंवा सरकारी जमिनीवर सोसायटी उभी असेल तर पट्टा सोसायटीच्या नावे असतो. एकट्या फ्लॅटधारकाने अर्ज करून उपयोग नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि सहीचे अधिकार दिलेले पदाधिकारी लागतात. सरकारी जमिनीच्या बाबतीत मुदतवाढीऐवजी शासनाच्या नियमांखाली भोगवटादार वर्ग-1 मध्ये (म्हणजे जवळपास पूर्ण मालकीत) रूपांतर करून घेता येते का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात जरूर विचारा. आकारणीचा दर मात्र त्या दिवशीचा, आणि लेखी घ्या.

जमीन देवस्थान किंवा अन्य सार्वजनिक न्यासाची असेल तर विश्वस्तांची सही पुरत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 प्रमाणे बिगरशेती जमीन किंवा इमारत 3 वर्षांहून जास्त काळ पट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी हवी. मंजुरी आधी आणि दस्त नंतर, हा क्रम उलटला की पट्टा मुळातच लटका पडतो. पंचवटीसारख्या जुन्या भागात घर असेल तर ही बाब सर्वात आधी तपासा.

आता मूळ दस्तातले नूतनीकरणाचे कलम. ते शब्दन् शब्द वाचा: कळवायचे किती महिने आधी, कोणाला, लेखी की नोंदणीकृत टपालाने, आणि कोणती अट पाळली असेल तरच हक्क मिळतो. नूतनीकरणाच्या पर्यायात वेळेला कडक महत्त्व आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगितले आहे. सहा महिने आधी कळवा असे लिहिले असेल आणि पाच महिने उरले असताना पत्र गेले, तर हक्क गेला. उरते ती मालकाची मर्जी. म्हणून पत्र टपालाने पाठवा, पोच जपून ठेवा, आणि तारीख जवळ यायच्या आत, वर्षभर आधीच तयारीला लागा.

मुदत संपली, तरी मालक भाडे घेतो आहे, म्हणजे पट्टा वाढला, हा समज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 116 नुसार राहत्या जागेच्या बाबतीत अशी वहिवाट महिन्यागणिक धरली जाते, आणि कलम 106 प्रमाणे ती 15 दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीकृतच लागतो आणि त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या हव्यात. पावत्यांचा गठ्ठा दाखवून बँक कर्ज देणार नाही.

अर्जाला भुईभाड्याच्या शेवटपर्यंतच्या पावत्या, घरपट्टी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि ओळखपत्रे जोडा. फाईल परत येते ती बहुधा दोन कारणांनी: भाड्याची थकबाकी, किंवा नकाशात नसलेले बांधकाम. रो हाऊसवर वाढवलेला मजला, पुढच्या खोलीत काढलेले दुकान, हे शर्तभंगात मोडते. तपासणीला माणूस यायच्या आत ते नियमित करून घ्या किंवा काढा. लपवले तर दंडाबरोबर वेळही जातो.

मुद्रांक शुल्काचे गणित मुदत ठरवण्याआधी मांडा. राज्याच्या मुद्रांक अधिनियमात पट्ट्याच्या मुदतीनुसार बाजारमूल्याचा ठरावीक हिस्सा धरतात: 5 वर्षांपर्यंत 10 टक्के, 5 ते 10 वर्षांना 25, 10 ते 29 वर्षांना 50, आणि 29 च्या पुढे 90 टक्के. त्या हिश्शावर खरेदीखताचा दर लागतो. शासनाच्या दरतक्त्याप्रमाणे मिळकत 40 लाखांची असेल आणि मुदत 29 वर्षांची ठेवली, तर शुल्क 20 लाखांवर. 5 टक्के मूळ दराने 1 लाख रुपये. हीच मुदत 30 वर्षे केली तर ते 36 लाखांवर, म्हणजे 1 लाख 80 हजार. एका वर्षासाठी 80 हजारांचा फरक. पण पुढच्या नूतनीकरणाची मुदत दस्तात लिहिली की तीही मोजली जाते. त्यामुळे 29 वर्षे लिहून खाली आणखी 29 वर्षांचा पर्याय टाकला तर बचत उरत नाही. मसुदा तयार झाल्यावर, सह्या करण्याआधी, कलम 31 खाली मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय (शुल्क किती, हे अधिकृतपणे ठरवणे) करून घ्या. अधिभारासकट नेमकी रक्कम कळते आणि नंतर वसुलीची नोटीस येण्याचा धोका कमी होतो.

शुल्क ग्रास (GRAS) या शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीतून भरा. सही झाल्यापासून 4 महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करायचा असतो. त्यानंतर आणखी 4 महिने मिळू शकतात, पण विलंबाचे कारण पटवून द्यावे लागते आणि दंड नोंदणी शुल्काच्या दहा पटीपर्यंत जाऊ शकतो. नोंदणी झाली की त्याच आठवड्यात सूची दोनची प्रत घेऊन नगर भूमापन कार्यालयात जा आणि मिळकत पत्रिकेवर नव्या मुदतीची नोंद घालायला अर्ज द्या.