चावा, ओरखडा, काटा: जखम नळावर धुण्यापासून दवाखान्यापर्यंत

चावलेल्या जखमेचा आकार फसवतो. कुत्र्याने पोटरी फाडली की माणूस धावत दवाखाना गाठतो. मांजराचा दात मात्र सुईसारखा आत जातो, रक्ताचा थेंब येतो न येतो आणि भोक लगेच मिटते. आत गेलेले जंतू तिथेच अडकतात आणि दुसऱ्या दिवशी बोट सुजून ठणकू लागते. म्हणून कोण चावले, कुठे चावले आणि कोणाला चावले, हे तीन प्रश्न आधी विचारा. जखम किती मोठी, हा त्यानंतरचा प्रश्न.

आधी नळाखाली

कुत्रा, मांजर, माकड, कोल्हा, मुंगूस यांपैकी काहीही चावले किंवा ओरखडले, तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे जखम धुवा. घड्याळ बघून धुवा, कारण अंदाजाची पंधरा मिनिटे दोन-तीनच भरतात. नळ नसेल तर दुसऱ्या कोणाला कळशीने धार धरायला सांगा. साबण अंगाचा असो की कपड्यांचा, दोन्ही चालतात. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचे आवरण असते आणि साबण तेच मोडतो. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. तिखट, चुना, हळद, कॉफी पावडर, तेल यांतले काहीही नको. आवळपट्टीही नको. चावलेल्या जखमेला लगेच टाके घालत नाहीत, तेव्हा डॉक्टरांनी ती उघडी ठेवली तर त्यांच्याशी वाद घालू नका.

साप चावला असेल तर हे धुणे-बिणे सोडा. रत्नागिरीच्या कातळसड्यावरचे फुरसे असो की घरात शिरलेली मण्यार, दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, हातपाय हलवू नका आणि १०८ ला फोन करा. मण्यारीच्या दंशाला कधीकधी सूजही नसते आणि दुखतही नाही. त्यामुळे ‘काही दिसत नाही’ म्हणून घरी थांबायचे नाही.

त्याच दिवशी लस

गावात हमखास ऐकू येते, “आपलोच कुत्रो, काय होऊचा नाय.” रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि आपला कुत्रा रात्री कोणाशी भांडून आला हे आपल्याला ठाऊक नसते. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवायची ती लस सुरू करून. दहा दिवस वाट बघून मग लस, असे नाही.

धड कातडीला कुत्रा नुसता चाटला तर धुणे पुरे. रक्त न येता ओरखडा उठला किंवा कपड्याने न झाकलेल्या कातडीवर नुसते दात लागले तर लस हवी. दात कातडीतून आत गेला, रक्त आले, किंवा लाळ जुन्या जखमेला, डोळ्याला वा तोंडात लागली, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) हवे. ते जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. दुखते, पण लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत तेवढेच संरक्षण असते. पहिल्या दिवशी मिळाले नाही तर लसीच्या पहिल्या मात्रेपासून सातव्या दिवसापर्यंत देता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात कुठे मिळेल ते तिथेच विचारून निघा.

सरकारी दवाखान्यात लस बहुधा कातडीत देतात: ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. दंडाच्या स्नायूत दिली तर १४ वा दिवसही धरून पाच वेळा. पोटातली चौदा इंजेक्शने केव्हाच बंद झाली, त्या भीतीने कोणी घरी बसू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन याच भेटीत घ्या.

मांजराचा खोल चावा, हाताच्या पंजावरचा चावा आणि भांडणात समोरच्याच्या दातावर बसलेली मूठ या तिन्हींत पू होण्याआधीच प्रतिजैविक घ्यावे लागते. मुठीचे प्रकरण लोक लाजेने लपवतात आणि बोटाचा सांधा गमावतात. डॉक्टरांना खरे सांगा.

समुद्रात लागले असेल तर

शिंगाळा माशाचा काटा किंवा पाकट माशाच्या शेपटीची नांगी लागली की कळ मस्तकात जाते. हे विष उष्णतेने निकामी होते. जखम धुऊन तो भाग सोसेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा. पाणी आधी धड हाताने तपासा. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही आणि विषाच्या जोडीला भाजल्याची जखम होते. छाती, पोट किंवा मानेत घुसलेला काटा उपटू नका.

कालवांचे शिंपले फोडताना झालेली चीर किरकोळ वाटते. पण मधुमेह, यकृताचा आजार किंवा रोजची दारू असलेल्या माणसात खाऱ्या पाण्यातले काही जंतू काही तासांत हात-पाय काळानिळा करतात, रक्ताळलेले फोड आणतात. अशा माणसाने रात्र काढू नये. ‘समुद्रात लागले’ हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा, कारण त्यावर औषध बदलते. मासे साफ करणाऱ्या बायकांच्या बोटावर आठवडे न बरी होणारी गाठ असेल, तर तिथेही हेच सांगायचे.

लाली पसरते का?

लावणीच्या दिवसांत चिखल्या झालेले पाय हे जंतूंना उघडे दार. एका पायावर लाल, गरम, दुखरी सूज चढू लागली, थंडी वाजून ताप आला, जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आले, तर हा कातडीखालचा संसर्ग समजा. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि बाजूला वेळ लिहा. रेघ ओलांडून लाली पुढे गेली का, हे डॉक्टरांना एका नजरेत कळते. दोन्ही पाय एकदम सारखेच लाल असतील तर कारण बहुधा वेगळे असते.

उपचार म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेले प्रतिजैविक आणि पाय उशीवर उंच. पाय उंच ठेवण्याकडेच लोकांचे लक्ष नसते, पण सूज त्यानेच ओसरते. औषध सुरू केल्यावर पहिल्या दिवशी लाली थोडी वाढू शकते. दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर परत जा. पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा आणि चिखल्यांवर बुरशीचे मलम लावा, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच.

गळू झाले असेल तर नुसत्या गोळ्यांनी पू जात नाही, तो चिरून काढावा लागतो. घरी पिळू नका, नाकावरचे आणि वरच्या ओठावरचे तर मुळीच नाही.

दिसते त्याच्या कितीतरी पट दुखणे, लाकडासारखी कडक सूज, जांभळी-काळी पडत जाणारी कातडी, दाबल्यावर कुरकुर, दुखऱ्या भागाची बधिरता किंवा रुग्ण बरळू लागणे, यांतले काहीही दिसले तर गावच्या दवाखान्यात वेळ न घालवता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. मेलेला भाग कापून काढण्याचे काम काही तासांतच व्हावे लागते. निघतानाच फोन करून सर्जन हजर आहेत का ते विचारा आणि शुगरच्या गोळ्यांची पाकिटे सोबत घ्या.