अळ्या पळतात, टब आंबतो, अंडी मिळत नाहीत: काळी सैनिक माशी पाळताना या चुका टाळा

शिवाजी विद्यापीठातून प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून मी काळी सैनिक माशी पाळायचे ठरवले, तेव्हा माझ्याजवळ वाचन पुष्कळ होते आणि शेडमध्ये काढलेला एकही पावसाळा नव्हता. पहिल्या वर्षी जे बिघडले, त्यातील बहुतेक गोष्टींची कारणे मी आधी वाचलेली होती. पण टबासमोर उभे असताना त्या ओळखता आल्या नाहीत. पुढे करवीर, कागल आणि हातकणंगले तालुक्यांतील बचत गटांच्या महिला, परसात कोंबड्या पाळणारी कुटुंबे आणि काही विद्यार्थी यांच्यासोबत काम करताना त्याच चुका पुन्हा पुन्हा होताना दिसल्या. म्हणून त्या येथे कारणांसह आणि उपायांसह मांडत आहे. शेवटी मार्गदर्शन करणाऱ्याच्या चुकांविषयीही लिहिले आहे, कारण माझ्या मते शिकणाऱ्यांचे निम्मे नुकसान तेथून सुरू होते.

ज्यांना हा कीटक नवा आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. हर्मेशिया इल्युसेन्स असे शास्त्रीय नाव असलेली ही माशी मूळची अमेरिका खंडातील असून आता जगातील बहुतेक उष्ण प्रदेशांत आढळते. प्रौढ माशी चावत नाही, अन्नावर घोंघावत नाही आणि अळीच्या अवस्थेत साठवलेल्या चरबीवर साधारण आठवडाभर जगते. खाण्याचे सारे काम अळी करते; ती ओला कचरा खाऊन वाढते आणि पुढे कोंबड्यांचे खाद्य होते. वाळवलेल्या अळीत सुमारे ४० टक्के प्रथिने आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते. अळीने काय खाल्ले त्याप्रमाणे हे आकडे बदलतात. आपल्याकडे रेशीम आणि मधमाशी यांमुळे कीटकपालन नवीन नाही. मात्र रेशीमकिड्याला रोज तुतीचाच पाला मिळतो, तर या अळीच्या पुढ्यात सोमवारी कोबीची पाने, मंगळवारी कलिंगडाच्या साली आणि बुधवारी मेसमधील भात येतो. या पालनातील बहुतेक अडचणी रोज बदलणाऱ्या या खाद्यातून निर्माण होतात.

अळ्या न मोजता टब भरणे

नवा माशीपालक अळ्या ओंजळीने टाकतो आणि खाद्य बादलीने ओततो. अळ्या कमी आणि खाद्य जास्त झाले की वरचा थर खाल्ला जातो, खालचा थर हवेविना कुजतो आणि घरमाश्या त्यावर अंडी घालतात. अळ्या जास्त आणि खाद्य कमी झाले, तर सर्व अळ्या जगतात पण एकही नीट भरत नाही. प्रचलित आणि भरवशाचे प्रमाण असे आहे की पाच दिवस वयाच्या १०,००० अळ्यांना बारा दिवसांत सुमारे १५ किलो ओले खाद्य लागते. ते एकदम न घालता तीन हप्त्यांत घालावे आणि थराची जाडी ५ सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये. हा हिशेब दर अळीमागे दिवसाला साधारण १२५ मिलिग्रॅम इतका होतो.

दहा हजार अळ्या मोजायच्या कशा, असा प्रश्न प्रत्येक गटात विचारला जातो. सोनाराकडे असतो तसा लहान वजनकाटा घ्यावा, चाळलेल्या अळ्यांमधून २ ग्रॅम वेगळ्या काढून त्या खरोखर मोजाव्यात आणि त्यावरून एकूण वजनाचा हिशेब करावा. या कामाला वीस मिनिटे लागतात. अंड्यांचे वजनही असेच उपयोगी पडते, कारण एक ग्रॅममध्ये सुमारे ४०,००० अंडी असतात. अंड्यांच्या पुंजक्याकडे पाहून कोणालाही हा अंदाज येत नाही, आणि त्यामुळेच एका टबात चार टबांच्या अळ्या दाटीवाटीने वाढू लागतात.

ओलावा: सर्वांत जास्त टब येथेच बिघडतात

कोल्हापुरातील लक्ष्मीपुरी किंवा कपिलतीर्थ मंडईतून आणलेल्या भाजीपाल्यात ८५ ते ९० टक्के पाणी असते, तर अळीला ७० ते ८० टक्के ओलावा मानवतो. हा भाजीपाला दळून तसाच टबात घातला की दुसऱ्या दिवशी तळाला पाणी साचते, आंबट वास येतो आणि अळ्या भिंतीवरून वर चढू लागतात. कोरड्या गुळगुळीत भिंतीवर अळीला चढता येत नाही, परंतु भिंत ओली झाली की ती सहज चढते. पहाटे शेडमध्ये जमिनीवर अळ्यांचा सडा पडलेला दिसला, तर चोर किंवा उंदीर शोधण्याआधी टबाच्या भिंतीवर बोट फिरवून पाहावे.

अळ्या पळण्याचे दुसरे कारण उष्णता हे आहे. दाट थरात अळ्यांच्या स्वतःच्या हालचालीमुळे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच वाढते, आणि ३६ अंशांच्या पुढे त्या खाद्य सोडून बाहेर पडू पाहतात. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी हे हमखास घडते. तेव्हा थर पातळ करावा, शेडच्या बाजू उघडाव्यात आणि पत्र्यावर उसाचा पाला अंथरावा. टबात पाणी शिंपडून तो थंड करण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण त्यातून पुन्हा पहिली अडचण उभी राहते.

माझ्या वहीत ओलाव्याची टक्केवारी नीट लिहिलेली असे, पण ती शेडमध्ये कोणाच्याही उपयोगाची नव्हती. करवीर तालुक्यातील एका गावात बचत गटातील एका वयस्कर मावशींनी मिश्रणाची मूठ आवळून दाखवली आणि विचारले, "ताई, बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर, आणि धार लागली तर कोंडा घालायचा, असंच ना?" त्या भाकरीचे पीठ मळताना हाच अंदाज रोज घेत होत्या. मी ते मिश्रण वाळवून वजन केले, तेव्हा ओलावा हव्या त्या मर्यादेत निघाला. त्या दिवसापासून मी प्रशिक्षणात टक्केवारी नंतर सांगते आणि मूठ आधी आवळायला लावते.

अळी काहीही खाते, हा समज

कोल्हापुरात उसाचे चिपाड मुबलक मिळते, त्यामुळे ते फुकटचे खाद्य वाटणे स्वाभाविक आहे. मीही सुरुवातीला दोन टब चिपाडावर चालवले होते. अळ्या मेल्या नाहीत, पण तीन आठवड्यांनीही तांदळाच्या दाण्याएवढ्याच राहिल्या. लिग्निन या कठीण वनस्पतिद्रव्याने जखडलेले तंतू अळीला फारसे पचत नाहीत. चिपाडाचा खरा उपयोग बारीक करून जास्तीचा ओलावा शोषण्यासाठी आणि मिश्रणात हवा खेळती ठेवण्यासाठी होतो. प्रयोगशाळेत अळ्यांना जे ठरावीक खाद्य देतात त्यात निम्मा गव्हाचा कोंडा, ३० टक्के लसूणघास आणि २० टक्के मक्याचे पीठ असते. यावरून अळीला पचणारी पिष्टमय द्रव्ये आणि प्रथिने किती हवीत, याची कल्पना यावी.

याउलट प्रथिने फार झाली, म्हणजे पेंड किंवा शिळ्या डाळी यांचाच मारा झाला, की डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास येतो. अशा वेळी भाताचा कोंडा किंवा फळांच्या साली मिसळाव्यात आणि दोन दिवस नवे खाद्य थांबवावे.

कीटकनाशकांविषयी मात्र मी फार आग्रही आहे. फ्लॉवर, कोबी, वांगी आणि फुले यांवर फवारणी मोठ्या प्रमाणावर होते, आणि आपण पाळतो आहोत तोही कीटकच आहे. निर्माल्य असो वा नव्या दुकानातून आलेली भाजी, प्रत्येक नवे खाद्य आधी एका डब्यात शंभर अळ्यांना देऊन दोन दिवस पाहावे. त्या सुस्त पडल्या किंवा आकसल्या, तर ते खाद्य परत करावे. अळीच्या शरीरात कॅडमियमसारखा जड धातू साठतो, हेही ध्यानात ठेवायला हवे. म्हणून कारखान्यांच्या सांडपाण्यातील गाळ किंवा कोठून आला ते माहीत नसलेला कचरा कोंबड्यांसाठी वाढवायच्या अळ्यांना देऊ नये. मेलेल्या कोंबड्याही अळ्यांना घालू नयेत, असे माझे ठाम मत आहे. युरोपीय संघाने २०१७ मध्ये मत्स्यपालनातील माशांच्या आणि २०२१ मध्ये कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात कीटकप्रथिनांना परवानगी दिली, पण त्या कीटकांना विष्ठा किंवा खरकटे खाऊ घालण्यास मनाई ठेवली. आपल्याकडे मेसमधील भात वापरायचा असेल, तर मांस, हाडे आणि जास्त मीठ वेगळे काढून तो त्याच दिवशी वापरावा, एवढी शिस्त तरी पाळावी.

अंडी मिळत नाहीत

डिसेंबर आणि जानेवारीत माझ्याकडे हीच तक्रार सर्वाधिक येते. प्रौढ माश्या ठेवलेल्या जाळीत माश्या भरपूर असतात, फळ्या लावलेल्या असतात आणि अंडी नसतात. २००२ मध्ये अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञ क्रेग शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी जॉर्जिया राज्यातील आपल्या संगोपनपद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून प्रौढ माश्यांच्या मीलनासाठी सूर्यप्रकाशाचे महत्त्व सर्वमान्य आहे. साध्या ट्यूबलाइटने हे काम होत नाही. थंडीच्या भीतीने जाळी खोलीत हलवणारे पालक माश्यांना ऊब देतात आणि मीलन मात्र थांबवतात. जाळी अशा जागी असावी जेथे सकाळचे ऊन थेट पडते. अंडी घालण्यासाठी २७ अंशांच्या वरचे तापमान लागते, म्हणून हिवाळ्यात उन्हाची बाजू उघडी ठेवून उरलेल्या तीन बाजू पारदर्शक प्लॅस्टिकने झाकाव्यात.

माशी कुजणाऱ्या पदार्थावर अंडी घालत नाही, तर त्याच्या जवळच्या कोरड्या फटीत घालते. लाकडी पट्ट्यांमध्ये टाचणीएवढे अंतर ठेवून त्या जुडीने बांधाव्यात आणि आंबट वासाच्या डब्यावर जाळी घालून त्यावर ठेवाव्यात. पट्ट्या ओल्या झाल्या तर त्यांवर बुरशी येते. अंडी दर दोन दिवसांनी काढावीत, कारण ती चार दिवसांत उबतात. कोष असलेले टब अंधारात आणि कोरड्या मातीत किंवा कोंड्यात ठेवावेत.

शेडमधील मांडण्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या थांबतात. पाली जाळीत शिरू नयेत यासाठी रोज संध्याकाळी जाळी तपासावी लागते. डासांसाठी गल्लीत धूर फवारणी होणार असेल, तर आधी कळावे म्हणून प्रभागात सांगून ठेवावे आणि त्या वेळी जाळी ताडपत्रीने झाकावी. पंचगंगेच्या काठच्या गावांतील लोकांना २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर वेगळे सांगण्याची गरज नाही, तरीही मी शेडची जागा पाहताना पुराची खूण कोठवर आली होती, हे शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

काढणीतील घाई आणि उशीर

टबात सोडल्यापासून बाराव्या-तेराव्या दिवशी अळ्या फिकट आणि भरलेल्या असताना काढाव्यात. त्या काळ्या पडू लागल्या की कवच कडक होते आणि पचनीयता घटते; अशा अळ्या पैदाशीसाठी राखाव्यात. उकळत्या पाण्यात थोडा वेळ टाकल्याने अळ्या क्षणात मरतात आणि जंतूही कमी होतात. उन्हात जिवंत वाळवणे क्रूर आहे आणि पावसाळ्यात तर शक्यही नाही. पुरेशा न वाळलेल्या अळ्यांचे पोते आठवडाभरात खवट होते, म्हणून ओलावा १० टक्क्यांच्या खाली आणावा. वाळलेल्या अळ्या हाताळताना उडणारी धूळ काहींना त्रासदायक ठरते, तेव्हा मास्क वापरावा. कोंबड्यांना सुरुवातीला खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त अळ्या देऊ नयेत. टबात उरलेला चुरा ताजा असताना रोपांना घातला तर मुळांना इजा होऊ शकते. तो महिनाभर कुजवून मगच वापरावा.

शिकवणाऱ्याच्या चुका

मी घेतलेले पहिले प्रशिक्षण एका दिवसाचे होते. सकाळी माहिती, दुपारी प्रात्यक्षिक, संध्याकाळी प्रत्येकीला अळ्यांचा एक डबा, असा तो कार्यक्रम होता. दोन महिन्यांनी विचारले तेव्हा एकीच्याही घरी अळ्या नव्हत्या. कोणी आळस केला नव्हता. अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंत एक पिढी पूर्ण व्हायला सुमारे दीड महिना लागतो, आणि मी त्यांना त्या दीड महिन्यातील फक्त एक दिवस दाखवला होता. कोष कसे ठेवायचे, माश्या निघाल्यावर काय करायचे, हे प्रश्न त्यांना पडले तेव्हा मी तेथे नव्हते.

दुसरी चूक उत्पन्नाविषयी बोलण्याची होती. एका टबातून बारा दिवसांनी दीड ते दोन किलो ओल्या अळ्या मिळतात आणि वाळल्यावर त्यांचे वजन साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते, हे मी सांगायला हवे होते. त्याऐवजी मोठ्या प्रकल्पांची चित्रे दाखवली आणि ऐकणाऱ्यांनी स्वाभाविकपणे मोठी स्वप्ने पाहिली. आता मी आधी घरच्या वीस-पंचवीस कोंबड्यांपुरते गणित मांडते. विक्रीचा विचार सलग तीन पिढ्या स्वतःच्या अंड्यांवर निघाल्यानंतरच करायला सांगते.

शेजाऱ्यांना न सांगता काम सुरू करणे हीसुद्धा मार्गदर्शकाचीच चूक मानावी लागेल. अळी या शब्दाने घृणा वाटते आणि माशी या शब्दाने रोगाची भीती वाटते. एका गटाचा टब शेजारच्या तक्रारीमुळे बंद पडला, तेव्हा टबाला वास नव्हता. कोणीतरी झाकण उघडून फक्त पाहिले होते. त्यामुळे आता आम्ही पहिल्या दिवशी शेजारच्या घरांतील माणसांनाही बोलावतो आणि प्रौढ माशी हातावर बसवून दाखवतो. मुले सर्वांत आधी हात पुढे करतात.

नोंदवहीच्या बाबतीत मी बराच काळ चुकत राहिले, कारण मला माझ्या सोयीचे तक्ते हवे होते. सध्याच्या वहीत चारच रकाने आहेत: तारीख, खाद्य काय व किती, मुठीतून थेंब की धार, आणि वास कसा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी घरातील शाळकरी मूल रोज संध्याकाळी ते भरते. फोनवर "अळ्या मेल्या" एवढेच ऐकून सल्ला देणे शक्य नसते. या चार रकान्यांतील मागच्या तीन ओळी वाचून दाखवल्या की बहुतेक वेळा कारण तेथेच सापडते.

गेल्या वर्षापासून नव्या गटाला मी अळ्या देत नाही. जुन्या गटाच्या पट्ट्यांवरील जास्तीची अंडी कागदात गुंडाळून जातात, आणि त्यांच्यासोबत जुन्या गटातील एक जण पहिल्या टबाचे बारा दिवस एक दिवसाआड त्या गावी जाते. तिच्या प्रवासाचा खर्च दोन्ही गट निम्मा निम्मा उचलतात.