फौजी सरांची जीवनकथा नोंदवताना

लढाईवरून परतून पुढे शिक्षक आणि प्रशिक्षक झालेल्या माणसाची कथा लिहिताना तोल हमखास लढाईकडे झुकतो. लढाई काही महिन्यांची असते, शाळा आणि मैदान तीस-तीस वर्षांचं. म्हणून सहा बैठका ठरवल्या तर एक बालपण आणि भरतीला, एक किंवा फार तर दोन लढाईला आणि उरलेल्या सगळ्या शिकवण्याला द्या.

आधी कागद बघा. सेवेची कागदपत्रं, पत्रं, पदकं. अनेक सैन्यांत पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. ते भिंगाने वाचा, पण पदक घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि मागची बाजूही घ्या, नावं बहुधा तिथेच लिहिलेली असतात. शाळेकडचे संघांचे फोटो, वार्षिक अंक, सामन्यांच्या गुणवह्याही मिळवा. यावरून वर्ष, ठिकाण, काम असा तक्ता करून बैठकीत समोर ठेवा.

बैठक तासाभराची, फार तर दीड तासाची. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला. समोर धरला तर 'प', 'फ' फुटतात. रेकॉर्डरची सेटिंग: डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी फाइल), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका मायक्रोफोनवर तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते. तोफा-बंदुकांच्या आवाजाने अनेक माजी सैनिकांचे कान गेलेले असतात. बऱ्या कानाच्या बाजूला, पण ओठ दिसतील असं बसा आणि एका वेळी एकच प्रश्न विचारा.

"भीती वाटली का?" या प्रश्नाला हो-नाहीपलीकडे उत्तर येत नाही. "त्या दिवशी पाठीवर काय-काय होतं?", "पाणी कुठून आणायचात?" असं विचारलं की माणूस तिथे पोचतो. किती जण मारले, हे कधीही विचारू नका. लढाईचा भाग बैठकीच्या पूर्वार्धात घ्या, म्हणजे शेवटची वीस मिनिटं हलक्या विषयाला उरतात. जड आठवणीवरच बैठक संपली तर रात्रभर तीच सोबत राहते. ते थांबले तर तुम्हीही थांबा. शांतता भरून काढायला समजूत घालू नका. हात थरथरू लागले, श्वास चढला, तर रेकॉर्डर बंद करून पुढे जायचं का ते त्यांनाच ठरवू द्या. तारखा सरमिसळ होतात, दोन प्रसंगांचा एक होतो. तिथल्या तिथे दुरुस्त करू नका, "हे जखमी होण्याआधी की नंतर?" एवढंच विचारा.

खरा ऐवज मैदानाचा. सराव किती वाजता सुरू व्हायचा, पहिली दहा मिनिटं काय, उशिरा येणाऱ्याचं काय करायचे, संघातून वगळलेल्या मुलाला कोणत्या शब्दांत सांगायचे? फौजेतून काय आणलं आणि मुलांसमोर काय सोडून द्यावं लागलं? हुकूम देणारा माणूस समजावून सांगायला कधी शिकला, हे इथेच कळतं. शक्य असेल तर मैदानावर नेऊन उभं करा. शिट्टी हातात आली की बसून न आठवलेलं आठवतं.

सरांबद्दल विचारायला विद्यार्थी वेगवेगळ्या काळातले पाच-सहा निवडा. त्यात एक वगळलेला खेळाडू आणि खेळाशी संबंध नसलेला, फक्त वर्गात शिकलेला एक असलाच पाहिजे. फक्त विजेत्यांना विचारलं तर आरती हाती लागते. प्रत्येकाशी आधी एकट्याने बोला. घोळक्यात पहिला जे सांगतो, त्यालाच बाकीचे माना डोलावतात.

तासभराचं रेकॉर्डिंग उतरवायला सहज पाच-सहा तास लागतात. दर दोन मिनिटांनी वेळ लिहा, बोलीतले शब्द तसेच ठेवा. उतारा मोठ्या अक्षरांत छापून सरांना द्या. काय छापायचं, काय ते हयात असेपर्यंत राखून ठेवायचं, हे लेखी घ्या. मेलेल्या सोबत्याचं नाव घालण्याआधी, त्याच्या घरच्यांना तो प्रसंग ठाऊक आहे का, ते विचारा. मूळ फाइल न कापता तीन प्रतींत ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.