मोटारसायकलची चेन घट्ट करताना या चुका टाळा

गाडी गॅरेजमध्ये लावली की "चेन जरा टाईट करून द्या" हे वाक्य आपल्या तोंडून सवयीने निघते आणि चेनच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ याच वाक्यात असते. चेन ताठ असावी अशी कोणत्याही कंपनीची अपेक्षा नसते. ठरलेल्या मापाइतका झोल तिच्यात राहिलाच पाहिजे. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांमध्ये, खालच्या बाजूच्या चेनला दोन स्प्रॉकेटच्या (इंजिनाकडचे लहान आणि मागच्या चाकाचे मोठे, अशी चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चाके) बरोबर मध्यावर बोटाने वर-खाली हलवले असता ती एकूण २० ते ३० मिलिमीटर हलावी, असे हे माप असते. मोठ्या गाड्यांचे आकडे वेगळे असतात आणि काही गाड्यांमध्ये माप घेण्याची जागाही वेगळी असते, म्हणून आपल्या गाडीचा आकडा माहितीपुस्तिकेतून किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवरून एकदा पाहून ठेवावा. माप मेन स्टँडवर घ्यायचे की साइड स्टँडवर, हेही तिथेच दिलेले असते आणि ते बदलले की माप चुकते.

हा झोल लागतो कशासाठी, हे कळले की उरलेल्या अर्ध्या चुका आपोआप टळतात. खड्ड्यातून जाताना मागचे चाक स्विंगआर्मच्या बिजागरीभोवती वर-खाली होते, पण इंजिनाकडचे लहान स्प्रॉकेट त्या बिजागरीवर नसून तिच्या थोडे पुढे असते. त्यामुळे लहान स्प्रॉकेट, बिजागरी आणि मागचा एक्सल (चाकाचा आस) हे तिन्ही ज्या क्षणी एका रेषेत येतात, त्या क्षणी दोन स्प्रॉकेटमधले अंतर सर्वांत जास्त होते आणि चेन सर्वांत जास्त ताणली जाते. रिकामी गाडी स्टँडवर असताना ही स्थिती येत नाही. मागे माणूस आणि सामान घेऊन गाडी खड्ड्यात आदळली की ती येते. स्टँडवरच ताठ करून ठेवलेल्या चेनजवळ त्या वेळी द्यायला काहीच उरलेले नसते आणि सगळा ताण गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर, तिथल्या ऑइल सीलवर (तेल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कडीवर) आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. गणपतीला चिपळूणला निघण्यापूर्वी घरीच चेन ओढून घेतली होती, जेमतेम १० मिलिमीटर हलेल इतकी, आणि आवाज बंद झाला म्हणून समाधानही वाटले होते. मागे पत्नी आणि दोन बॅगा घेऊन कुंभार्ली घाट उतरू लागलो, तर प्रत्येक खड्ड्यात खालून बारीक "कूंऽऽ" असा आवाज येऊ लागला. तो मी ब्रेकचा समजलो. काही आठवड्यांनी लहान स्प्रॉकेटच्या मागून ऑइल झिरपू लागले, ते इंजिनाचे दुखणे समजलो. सील बदलताना मिस्त्रींनी फक्त चेनवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले.

मोजताना

बहुतेक लोक चेन एकाच जागी दाबून पाहतात आणि तिथेच निकाल देतात. वापरलेली चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. काही कड्या जास्त ताणलेल्या असतात, तर काही पावसाळ्यातल्या चिखलाने आणि गंजाने आखडलेल्या असतात. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद ठेवून, टायरवर खडूने एक खूण करावी आणि चाक हाताने थोडे थोडे फिरवत चार-पाच ठिकाणी माप घ्यावे. एका जागी ३५ मिलिमीटर आणि दुसऱ्या जागी २० असा फरक सहज सापडतो. अशा वेळी जिथे झोल सर्वांत कमी आहे, ती जागा धरूनच चेन लावायची असते. सर्वांत सैल जागा धरून लावली, तर घट्ट जागा येताच चेन तारेसारखी ताठ होते आणि तेच दुखणे पुन्हा सुरू होते. फरक १० मिलिमीटरच्या बराच वर असेल आणि रॉकेलने धुऊन, तेल देऊनही तो कमी होत नसेल, तर ॲडजस्टरशी (चाक मागे ओढून चेन ताणणाऱ्या नट-बोल्टशी) खेळत बसण्यात अर्थ नाही. ती चेन संपलेली आहे.

पूर्ण चेनकव्हर असलेल्या गाड्यांमध्ये खालच्या बाजूला रबरी बूच असते. ते काढून बोटाने अंदाज घेण्यापेक्षा स्क्रू ड्रायव्हरने चेन वर उचलून आणि खाली दाबून, शेजारी पट्टी धरून फरक वाचणे अधिक भरवशाचे असते.

फिरवताना

ॲडजस्टरला हात लावण्यापूर्वी एक्सलचा नट सैल करावा लागतो, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण स्प्लेंडरसारख्या काही गाड्यांत चेनच्या बाजूला स्लीव्हचा (मोठे स्प्रॉकेट धरणाऱ्या नळीचा) वेगळा मोठा नट असतो. तो तसाच घट्ट राहिला, तर ती बाजू जागची हलत नाही, दुसरी मागे सरकते आणि चाक तिरके बसते. ड्रम ब्रेक असेल, तर ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नटही थोडा ढिला करावा.

यानंतरची सर्वांत सामान्य चूक म्हणजे घाई. चाक अर्धा मिलिमीटर मागे गेले, तरी चेनचा झोल दहा-पंधरा मिलिमीटरने कमी होऊ शकतो, कारण वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू एकदम ओढल्या जातात. म्हणून ॲडजस्टरचा नट एका वेळी पाव फेराच फिरवावा, दोन्ही बाजूंना सारखाच फिरवावा आणि दर वेळी पुन्हा मोजावे. पूर्ण फेरा देऊन मग परत सोडण्याची पद्धत वाईट, कारण नट सोडला म्हणून चाक आपोआप पुढे येत नाही. त्याला मागून ठोकावे लागते. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे जुळवाव्यात, पण डोळे झाकून त्यांच्यावर विसंबू नये. मागे बसून चेनच्या रेषेत एक डोळा लावून पाहिले, तर वाकडेपणा लगेच दिसतो. चाक बरेच दिवस तिरके राहिले असेल, तर मोठ्या स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू चकाकत असते.

एक्सलचा नट आवळताना चाक किंचित सरकते आणि केलेले काम बिघडते. यावर जुना उपाय असा, की फडक्याची घडी चेन आणि मोठ्या स्प्रॉकेटच्या मध्ये घालून चाक हाताने मागे फिरवावे. चेन फडक्यावर चढून ताणली जाते, एक्सल पुढे ओढला जाऊन ॲडजस्टरवर घट्ट टेकतो आणि त्याच स्थितीत नट आवळता येतो. फडके काढल्यावर झोल पुन्हा मोजावा, लॉकनट (ॲडजस्टर सरकू न देणारे नट) आवळावेत आणि कॉटर पिन (एक्सलचा नट सुटू न देणारी पिन) असेल तर नवी घालावी. पिन स्वस्त असते आणि वाकवून सरळ केलेली जुनी पिन तुटते.

ब्रेकचा विसर तर हमखास पडतो. चाक मागे गेले, पण ब्रेक रॉडची लांबी तेवढीच राहिली, म्हणजे ड्रम ब्रेक न दाबताही थोडा लागलेला राहतो. दोन-चार किलोमीटर गेल्यावर ड्रम हाताला गरम लागतो आणि ॲव्हरेज पडल्याची तक्रार सुरू होते. चेन लावली की रॉडच्या टोकाचा नट जुळवून पेडलला मोकळी चाल द्यावी, चाक हाताने मोकळे फिरते का ते पाहावे आणि मागचा ब्रेक लाइट वेळेवर लागतो का तेही तपासावे. शेवटी गाडीवर दोन माणसे बसवून चेन बोटाने हलवून पाहावी. तेव्हाही ती थोडी हलली पाहिजे.

तरीही तक्रार राहिली तर

चेन लावून आठवडा होत नाही तोच ती पुन्हा सैल होत असेल, तर एकतर एक्सलचा नट नीट आवळलेला नाही किंवा चेनचे आयुष्य सरले आहे. ४२८ मापाच्या चेनमध्ये दोन पिनांमधले अंतर १२.७ मिलिमीटर असते, म्हणून ताणून धरलेल्या २० कड्या नव्या चेनमध्ये २५४ मिलिमीटर भरतात. हेच माप २५९ च्या पुढे गेले, म्हणजे चेन सुमारे २ टक्के वाढली आणि ती बदलावी. फूटपट्टी हाताशी नसेल, तर मोठ्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढावी. अर्धा दात उघडा पडला, तर उत्तर मिळाले. बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच घ्यावेत. झिजून हुकासारख्या वळलेल्या दातांवर नवी चेन चढवली, तर ती लवकरच जुनी होते.

इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनला फडके लावणे ही चूक वेगळ्या जातीची आहे. तिने बोटे गेलेली माणसे गॅरेजवाल्यांच्या ओळखीत असतात.

क्लिपने जोडलेली नवी चेन असेल, तर क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला आहे, हे ताबा घेतानाच पाहून घ्यावे. नवी चेन सुरुवातीला थोडी बसते, त्यामुळे पहिल्या ३०० ते ५०० किलोमीटरनंतर झोल पुन्हा मोजावा आणि पुढे दर ५०० ते १,००० किलोमीटरला, पावसाळ्यात त्याहून लवकर, खडू आणि पट्टी घेऊन गाडीशेजारी बसावे.