कार्ड विकायचंय ना, मग आधी आतला मजकूर द्या

परवा मैत्रिणीची मुलगी घरी आली होती, इथं बडोद्यातच फाइन आर्ट्सला शिकते, हातानं रंगवून कार्डं करते आणि खरंच छान करते, पण ऑनलाइन कोणी घेत नाही म्हणून पार वैतागलेली. तिचा ब्लॉग उघडून बघितला तर पहिल्या पोस्टचं नाव "रंगांची उधळण" आणि दुसरीचं "मनातलं काही". म्हटलं अगं बाई, हे टाइप करून गूगलवर कोण शोधणार? तुझी आई पण नाही शोधणार! मग दुपारभर बसून तिला जे सांगितलं तेच इथं लिहून काढतेय. मी दांडिया बाजारातल्या घरातूनच कार्डं विकते आणि पहिलं अख्खं वर्ष याच चुका करण्यात घालवलंय, त्यामुळे सांगायचा हक्क आहे असं मानून चाला.

माझी पहिली चूक म्हणजे मी "हँडमेड ग्रीटिंग कार्ड" हाच शब्द धरून बसले होते, प्रत्येक पोस्टमधे तोच. तो टाकला की वर सगळ्या मोठ्या शॉपिंग साइट येतात, तिथं आपल्या घरगुती ब्लॉगला कोण विचारतंय. मग एकदा जुने व्हॉट्सअॅप चॅट चाळत होते तेव्हा लक्षात आलं, दर दुसरा माणूस ऑर्डर दिल्यावर एकच विचारतो, "ताई कार्ड मस्त आहे पण आत काय लिहू ते पण सांगा ना." अडतं ते तिथं! चित्र आवडतं, पैसे द्यायला पण तयार असतात, पण सासूबाईंच्या साठीला चार ओळी काय लिहायच्या म्हटलं की पेन हलत नाही, आणि तो प्रश्न मग जातो गूगलकडे. त्या प्रश्नाचं उत्तर ज्या पानावर असेल त्याच पानावर कार्ड ठेवायचं, बास. माझं सगळं दुकान या एका गोष्टीवर चालतं.

गिऱ्हाईक गूगलवर जे शब्द टाइप करून शोधतं त्यांना कीवर्ड म्हणतात, हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. आपल्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीचं उदाहरण देते, १९१० साली सयाजीराव महाराजांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यातल्या लायब्रऱ्यांची घडी बसवून घेतली. लायब्ररीत पुस्तक कितीही भारी असू दे, वाचक ज्या नावानं शोधतो त्या नावाखाली त्याची नोंद नसेल तर ते कपाटातच राहणार. कीवर्ड म्हणजे तीच नोंद, फक्त ती आपल्या भाषेत नाही, गिऱ्हाइकाच्या भाषेत करायची.

आता हे शब्द मिळतात कुठे. सगळ्यात आधी स्वतःचे चॅट, मी एक वही केलीय, गिऱ्हाईक जे वाक्य बोललं ते जसंच्या तसं उतरवायचं, शुद्ध करायचं नाही. "मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला कार्डवर काय लिहू", "आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे काहीतरी वेगळं हवंय", "साहेब रिटायर होतायत, सगळ्यांच्या सह्यांचं मोठं कार्ड मिळेल का". मग गूगल उघडून त्यातले पहिले दोन-तीन शब्द टाकायचे आणि एंटर न दाबता खाली काय काय येतं ते बघायचं. हे इनकॉग्निटो म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत करा, नाहीतर तुम्ही आधी शोधलेलंच पुढं येऊन बसतं आणि वाटतं अरे वा सगळं जग हेच शोधतंय. एंटर दाबल्यावर मधे लोक आणखी काय विचारतात त्याचा चौकोन येतो, तळाशी मिळतेजुळते शोध येतात, ते पण वहीत. गूगल ट्रेंड्स म्हणून एक साइट आहे, कुठला शब्द कधी जास्त शोधला जातो ते दाखवते, तिच्यात राज्य निवडता येतं, गुजरात आणि महाराष्ट्र वेगवेगळे लावून बघा, कुठला सण कुठे कधी वर चढतो ते आलेखात दिसतं. एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो ते सांगणारा गूगलचा कीवर्ड प्लॅनर फुकट आहे पण जाहिरातीवर पैसे घालत नसलात तर आकडे ढोबळच देतो, शंभर ते हजार असे, तेवढ्यावर सुरुवातीला भागतं.

आणि छोटे शब्द सोडून द्या. "बर्थडे कार्ड" शोधणारा नुसता बघत फिरत असतो, "बाबांच्या पंचाहत्तरीला कार्डवर काय लिहावं" शोधणाऱ्याच्या घरी पंधरा दिवसांत कार्यक्रम असतो. असे शोधणारे कमी असतात पण येतात ते घ्यायलाच येतात. आपल्या मराठी घरांत तर प्रसंगांना तोटा नाही, केळवण, बारसं, मुंज, साठीशांत, भाऊबीज, आणि यातल्या बऱ्याच प्रसंगांना छापील कार्ड बाजारात मिळत पण नाही.

लिपीचा घोळ मात्र खरा आहे. आपली माणसं मराठी बोलतात पण फोनवर शोधताना बरेच जण रोमनमधे टाइप करतात, आणि "शुभेच्छा" चं स्पेलिंग दहा जण दहा प्रकारे करतात. म्हणून ती सगळी स्पेलिंगं पोस्टमधे कोंबू नका, घाण दिसतं, आणि एकच शब्द पुन्हापुन्हा कोंबणं गूगलच्या स्पॅम नियमात बसतं, फायदा राहिला बाजूला उलट खाली ढकलतात. नेहमीचं एखादं रोमन रूप वाक्यात सहज आलं तर येऊ द्या. बडोद्यात राहतो तर गुजराती गिऱ्हाईक सोडायचं नाही, पण मराठी पोस्ट मशीनमधे घालून गुजराती काढू नका, पाडव्याचं कार्ड आणि बेस्तु वरसचं म्हणजे गुजराती नव्या वर्षाचं कार्ड दिवस एकच असला तरी मजकूर वेगळाच लागतो, आपल्याकडे बायको ओवाळते त्याची गंमत असते, तिकडे "साल मुबारक" ची. शेजारच्या बेनकडून दोन ओळी लिहून घ्या आणि पान वेगळं करा.

लिहायची पद्धत आता. एका पोस्टमधे एकच प्रसंग. शीर्षकात लोकांचंच वाक्य, "सासूबाईंच्या साठीला कार्डवर काय लिहावं: २० छोटे मजकूर" असं, आणि मुद्द्याचे शब्द आधी कारण लांब शीर्षक शेवटी कापलं जातं. पहिल्या दोन वाक्यांत लगेच एक मजकूर देऊन टाका, "सण म्हणजे आनंद" वगैरे प्रस्तावना कोणी वाचत नाही. मग मजकुरांचे गट पाडा, प्रेमाचे, थोडे चेष्टेचे, अगदी औपचारिक, प्रत्येक गटाला उपशीर्षक. मजकूर स्वतःचे लिहा हो, फॉरवर्डमधे फिरणाऱ्या चारोळ्या हजार पानांवर आहेत, तुमच्याच पानावर कोण का येईल? आणि दर पाच-सहा मजकुरांनंतर एका कार्डाचा फोटो, आत तोच मजकूर हातानं लिहिलेला, खाली माप आणि ऑर्डरची लिंक. माझं नेहमीचं माप ए-फाइव्ह कागद मधे दुमडून होणारं ए-सिक्स, म्हणजे १०५ बाय १४८ मिलीमीटर, सी-सिक्स पाकिटात नीट बसतं. हे पण लिहायचं, कारण लोक पाकिटाचं माप सुद्धा शोधतात!

फोटोची एक गोष्ट बरेच जण विसरतात. कॅमेऱ्यातून आलेलं आकड्यांचं नाव तसंच ठेवून फोटो चढवतात, त्यापेक्षा फाइलला प्रसंगाचं नाव द्या आणि ऑल्ट टेक्स्टमधे, म्हणजे फोटोला जोडून वर्णन लिहायची जागा असते तिथं, फोटोत काय आहे ते साधं वाक्य लिहा, "पैठणीच्या काठाचं साठीचं कार्ड, आत मराठी मजकूर". कार्ड बघायची वस्तू आहे, इमेज सर्चमधून लोक येतात. मजकूर मात्र नुसता चित्रात ठेवू नका, खाली टाइप करा, नाहीतर कॉपी पण करता येत नाही. पानाचा पत्ता, म्हणजे त्याची लिंक, रोमनमधे छोटा ठेवा, देवनागरी पत्ता कॉपी केला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक आगगाडी होते. आणि त्यात साल अजिबात घालू नका, मी घातलं होतं आणि पुढच्या वर्षी तीच राखीची पोस्ट शिळी दिसायला लागली. एकच पान ठेवायचं, दरवर्षी तारीख बदलायची, चार नवे मजकूर घालायचे.

वेळेचं सांगते कारण इथंच सगळे आपटतात. २०२६ ची राखी २८ ऑगस्टला आहे, पोस्ट ऑगस्टमधे टाकलीत तर गूगलला ती सापडून वर येईपर्यंत सण होऊन जाईल आणि कार्ड कुरियरनं पोचायला पण दिवस लागतात ना. सणाच्या दोन-अडीच महिने आधी पान तयार हवं. ८ नोव्हेंबरच्या दिवाळीचं गणपतीच्या आधी, संक्रांतीचं दिवाळीची आवराआवर झाली की लगेच. नवरात्रात बडोद्यात कोणी काम करत नाही, मी पण नाही, म्हणून ते दिवस हिशोबातच धरू नका. साठी, बारसं, रिटायरमेंट यांना मात्र मोसम नसतो, सुरुवात करायची तर याच पानांनी करा.

शेवटी सर्च कन्सोल, आपलं पान गूगलवर कसं चाललंय ते दाखवणारं गूगलचंच साधन, फुकट आहे, पहिल्याच दिवशी ब्लॉगला जोडा. लोक नेमकं काय टाइप करून आले ते त्यात दिसतं आणि १६ महिन्यांचा डेटा राहतो, म्हणजे मागची दिवाळी यंदाच्या शेजारी ठेवून बघता येते. एखाद्या वाक्यावर पान खूप वेळा दिसतंय पण क्लिक नाहीत तर शीर्षक बदला. दहाव्या-बाराव्या नंबरवर अडकलेलं पान असेल तर नवं लिहिण्यापेक्षा त्यालाच दुरुस्त करा, दुसऱ्या दोन पानांतून त्याला लिंक द्या. मला तिथंच कळलं की माझ्या मुंजीच्या पानावर लोक "बटूला आशीर्वाद" टाकून येतायत, मी तो शब्द एकदा पण वापरला नव्हता. आणि कोणी मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमधे वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी, भरून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, गूगल तो टॅग बघत नाही हे त्यांनीच २००९ मधे सांगून टाकलंय.

त्या मुलीनं जाताना "रंगांची उधळण" खोडून "मैत्रिणीच्या केळवणाला कार्डवर काय लिहावं" केलं आणि मला विचारते, मावशी, वीस मजकूर कुठून आणू? म्हटलं तुझ्या चार मैत्रिणींची लग्नं ठरलीयत ना, त्यांना काय काय चिडवलंस ते आठव आणि लिही.