‘घरच्या कुणाला तरी घेऊन या’: बँकेशी भांडताना दिव्यांग खातेदारांनी या चुका टाळा

‘चेकबुक नाही देता येणार. घरातल्या कुणाला तरी घेऊन या, संयुक्त खातं करून टाकू.’ पांढरी काठी घेऊन बँकेत गेलेल्या बहुतेकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. बोलणारा माणूस सहसा दुष्ट नसतो. आपण समोरच्याची काळजीच घेतोय असं त्याला मनापासून वाटत असतं, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड जातं.

मला उजव्या डोळ्याने जेमतेम दिसतं, डाव्याने नाहीच. गेली काही वर्षं ओळखीपाळखीच्या लोकांना बँकेसाठी अर्ज आणि तक्रारी लिहून देतो. कायदा बाजूने असूनही तक्रार पडते, आणि पडण्याचं कारण जवळजवळ दर वेळी तेच असतं: नकार तोंडी मिळालेला असतो आणि शेवटपर्यंत तोंडीच राहतो.

तोंडी नकार घेऊन घरी परतणं

माझ्या स्वतःच्या बाबतीत हेच झालं होतं. एटीएम कार्डासाठी तीन हेलपाटे घातले. दर वेळी वेगळा माणूस आणि वेगळं कारण: ‘वरून आदेश आहे’, ‘सिस्टीम घेत नाही’, ‘साहेब रजेवर आहेत’. महिनाभराने चिडून तक्रार केली, तेव्हा शाखेने दोन ओळींत उत्तर दिलं की सदर खातेदाराने कार्डासाठी अर्जच केलेला नाही. ते खरंही होतं. मी फक्त तोंडाने मागितलं होतं.

म्हणून आधी मागणी कागदावर आणा. लांबलचक लिहू नका. मी साधारण असं लिहून देतो:

‘मी आपल्या शाखेत बचत खातेदार आहे. मी दृष्टिबाधित आहे. माझ्या एकट्याच्या नावावरील खात्यासाठी मला चेकबुक आणि एटीएम कार्ड हवे आहे. दिनांक अमुक रोजी काउंटर क्रमांक अमुकवर मी ही मागणी केली असता मला तोंडी नकार देण्यात आला. कृपया सुविधा द्यावी. देता येत नसल्यास कोणत्या नियमानुसार, ते लेखी कळवावे.’

शेवटच्या वाक्यावर सगळं अवलंबून आहे. असा नियम बँकेकडे नाही, त्यामुळे तो लिहून देणं मॅनेजरला जड जातं. मी पाहिलेल्या निम्म्या प्रकरणांत अर्ज आत गेल्यावर दोन-चार दिवसांत फोन आला, ‘या, करून देतो’ म्हणून.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. पोच देत नसतील तर वाद घालू नका. शाखेच्या ईमेलवर तोच मजकूर पाठवा किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. (रजिस्टर पोस्ट सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा ते शोधत फिरू नका.) स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्यांना ईमेल सगळ्यात सोयीचा. तो आपणच लिहितो, आपणच वाचतो आणि वेळही आपोआप नोंदली जाते. शिवाय त्याच दिवशी फोनमध्ये टिपून ठेवा: कोण बोललं, त्यांचा हुद्दा काय, किती वाजता आणि नेमके शब्द कोणते.

अपमानाची तक्रार, सेवेची नाही

‘मला सगळ्यांसमोर अपमानास्पद वागणूक मिळाली’ अशी सुरुवात झाली की मी पुढचं न वाचताच सांगू शकतो, काय उत्तर येणार. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली आहे.’ फाइल बंद, आणि चेकबुक तिथेच.

अपमान झालेला असतोच, मी नाकारत नाही. पण पहिल्या परिच्छेदात काय मागितलं, केव्हा मागितलं आणि काय मिळालं नाही एवढंच असू द्या. वागणुकीचं खाली लिहा. ‘तुरुंगात टाकीन’ असंही अर्जात लिहू नका. 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या कलम 89 मध्ये नियमभंगाला दंड आहे, पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत. तुरुंगवास आहे तो कलम 92 मध्ये, आणि ते कलम जाणूनबुजून चारचौघांत केलेला अपमान, मारहाण अशा गोष्टींसाठी आहे. चुकीची धमकी दिली की बँकेचा विधी विभाग निवांत होतो.

जुना कायदा, चुकीचं परिपत्रक

अजूनही लोक 1995 च्या जुन्या दिव्यांग कायद्याचा हवाला देतात. तो गेला. आता दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 आहे, 19 एप्रिल 2017 पासून लागू. बँकेच्या कामासाठी त्यातली तीन ठिकाणं लक्षात ठेवा. कलम 3 भेदभावाला मनाई करतं. कलम 13 सांगतं की दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा आणि बँकेचं कर्ज मिळवण्याचा हक्क आहे. आणि व्याख्यांमध्ये स्पष्ट म्हटलंय की वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या गरजेप्रमाणे करून द्यायचा रास्त बदल, नाकारणं हाही भेदभावच.

दृष्टिबाधितांसाठी सगळ्यात कामाचं रिझर्व बँकेचं 4 जून 2008 चं परिपत्रक. ते दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांच्या 2005 मधल्या आदेशावरून निघालं. अंध व्यक्ती करार करायला कायद्याने सक्षम आहे, त्यामुळे तिला चेकबुक (तिसऱ्या माणसाच्या नावे चेक देण्यासह), एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, किरकोळ कर्ज आणि क्रेडिट कार्ड या सुविधा भेदभाव न करता द्यायच्या, असं त्यात आहे. ‘अंध माणसाने चेक फक्त स्वतःला पैसे काढायला वापरायचा’ असं सांगणारे महाभाग आजही भेटतात. त्यांच्यासाठी ते कंसातले शब्द. मात्र नोव्हेंबर 2025 मध्ये रिझर्व बँकेने जुनी हजारो परिपत्रकं गोळा करून नव्या एकत्रित निर्देशांत घातली. म्हणून अर्जात नुसता जुना क्रमांक टाकू नका, नाहीतर ‘हे परिपत्रक रद्द झालंय’ एवढंच ऐकून परत याल. ‘4 जून 2008 च्या परिपत्रकातील व सध्याच्या निर्देशांतील तरतुदीनुसार’ असं लिहा.

‘तेवढी सही करा, काम होऊन जाईल’

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

हेलपाट्यांनी माणूस थकतो आणि संयुक्त खात्याला हो म्हणतो. पुतण्या किंवा भाचा खात्यावर येतो. एटीएम कार्ड त्याच्याकडे, पिन त्याच्याकडे. पुढे कधी पैसे गेले तर बँक सांगते, पिन तुम्हीच दिला होता. आणि नियमही तिच्या बाजूने उभा राहतो: अनधिकृत व्यवहारांबाबतच्या रिझर्व बँकेच्या 2017 च्या नियमांप्रमाणे खातेदाराने स्वतः पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला दिल्याने झालेलं नुकसान, बँकेला कळवेपर्यंत त्याचंच. म्हणजे पिन द्यायची वेळ बँकेने आणली आणि भुर्दंड खातेदाराला. संयुक्त खातं तुम्हाला स्वतःहून हवं असेल तर जरूर काढा. एकट्याच्या खात्याची अट म्हणून ते पुढे आलं तर तिथेच अडवा.

दुसरा सापळा पालकत्वाचा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, पदवीधर, नोकरी करणाऱ्या एका मुलीला खातं उघडताना ‘पालकाचं प्रमाणपत्र आणा’ सांगितलं गेलं. का, तर बोलायला वेळ लागतो आणि सही थरथरते. पालकत्वाची सोय कायद्यात आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी पालक नेमू शकते, आणि बँका ते प्रमाणपत्र मानतात. पण ज्याला गरज आहे त्याच्यासाठी. प्रत्येक सेरेब्रल पाल्सीवाल्याला ते मागणं म्हणजे सज्ञान माणसाला अज्ञान ठरवणं. एकदा ते प्रमाणपत्र घेतलं की ‘मी माझे व्यवहार पाहू शकते’ हे सिद्ध करायचं ओझं आयुष्यभर मानेवर बसतं. आईवडीलही कंटाळून म्हणतात, घेऊन टाकू. नका घेऊ. मदतनीस सोबत नेणं आणि अधिकार त्याच्या हाती देणं यातला फरक कलम 13 मध्येच आहे.

सही जुळत नसेल तर अंगठ्याचा मार्ग आहे. आजारी, वृद्ध किंवा हात न चालणाऱ्या खातेदाराचा अंगठा, नाहीतर पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. मात्र ज्याला सही येते अशा अंध खातेदाराकडून अंगठा मागू देऊ नका. ‘अंधांचा अंगठाच लागतो’ ही शाखाशाखांत फिरणारी दंतकथा आहे.

डोळे मिचकावा म्हणे

बँकेच्या ॲपवर केवायसी (ओळख पडताळणी) करताना ‘कॅमेऱ्याकडे बघा आणि पापण्या मिचकावा’ असं येतं. ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या माणसाने काय करायचं? याच प्रश्नावर ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 30 एप्रिल 2025 च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीसाठी पापण्या मिचकावण्याला पर्याय द्या यासह 20 निर्देश दिले.

इथे होणारी चूक म्हणजे ॲप काढून टाकणं आणि ‘ॲप चालत नाही’ एवढीच तक्रार करणं. त्यावर कॉल सेंटर सांगणार, काढून पुन्हा टाका. त्याऐवजी कुठल्या पानावर अडलं, टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हा फोनमधला स्क्रीन रीडर तिथे काय बोलला (बहुतेकदा नुसतं ‘बटन, बटन, बटन’), फोन कोणता आणि ॲपची आवृत्ती कोणती, हे लिहा. स्क्रीन रेकॉर्डिंग जोडता आलं तर फारच उत्तम. अर्थ मंत्रालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये बँकिंग क्षेत्रासाठी सुगम्यतेची, म्हणजे सेवा दिव्यांगांना वापरता यावी यासाठीची, मानकं जाहीर केली आहेत, त्यांचाही उल्लेख करा.

एटीएमचंही तसंच. 1 जुलै 2014 पासून बसवलेलं प्रत्येक नवं यंत्र बोलणारं आणि ब्रेल कळांचं असायला हवं. यंत्र असतं, पण आवाज बंद असतो किंवा हेडफोनची जागा मोडलेली असते. आपण पुढच्या एटीएमकडे जातो. यंत्रावरचा आयडी क्रमांक कुणाकडून तरी वाचून घ्या, तारीख टाका, पाठवा.

चुकीचं दार ठोठावणं

बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व बँकेचा लोकपाल हा फुकटचा आणि बऱ्यापैकी कामाचा मार्ग. पण बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवस थांबल्याशिवाय, किंवा त्याआधी बँकेचं असमाधानकारक उत्तर आल्याशिवाय, तो तक्रार घेत नाही. आधीच सांगितलेली पोच इथे लागते. वकिलामार्फतही करता येत नाही. तुम्ही स्वतः करा, किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीला अधिकारपत्र द्या. तक्रार रिझर्व बँकेच्या सीएमएस या तक्रारींसाठीच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते, चौकशीसाठी 14448 हा टोल फ्री क्रमांक आहे.

कर्जाबाबत एक बारकावा. ‘मला कर्ज दिलं नाही’ असं लिहिलंत तर ‘हा बँकेचा व्यावसायिक निर्णय’ म्हणून तक्रार पडते. आधी नाकारण्याचं लेखी कारण मागा, ते देणं बँकेवर बंधनकारक आहे. मग लिहा की उत्पन्न आणि परतफेडीचे कागद पुरेसे असताना अपंगत्वामुळे अर्ज नाकारला.

आपल्याकडची खास गफलत पतसंस्थेची. गावात लोक पतसंस्थेलाही ‘बँक’च म्हणतात, आणि लोकपालाकडे केलेली तक्रार दोन ओळींत परत येते. पतसंस्था सहकार खात्याखाली, म्हणजे तालुक्याचे सहायक निबंधक. पोस्टाचं बचत खातं डाक विभागाखाली. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका पूर्वी लोकपाल योजनेबाहेर होत्या, नोव्हेंबर 2025 पासून आत आल्या. तेव्हा ‘मागच्या वेळी घेतली नव्हती’ म्हणून गप्प बसू नका.

दिव्यांग आयुक्तांकडे यांपैकी कुणाविरुद्धही जाता येतं. राष्ट्रीयीकृत बँक असेल तर दिल्लीचे मुख्य आयुक्त, सहकारी बँक किंवा पतसंस्था असेल तर पुण्यातलं राज्य आयुक्तांचं कार्यालय. आयुक्त शिफारस करतात. ती आल्यावर तीन महिन्यांत कार्यवाही करायची किंवा न मानण्याची कारणं कळवायची, असं कायद्यात आहे. हा कोर्टाचा हुकूम नव्हे, तरी बँका त्याला बिचकतात हा माझा अनुभव. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत.

फक्त सगळीकडे एकाच दिवशी अर्ज टाकू नका. रागात तसं होतं खरं. पण तीच तक्रार दुसऱ्या प्राधिकरणापुढे चालू असेल तर लोकपाल ती बाजूला ठेवतो. साध्या सेवेचा प्रश्न असेल तर मी आधी बँक, मग लोकपाल, आणि तिथे नाही झालं तर आयुक्त या क्रमाने जातो. शाखेचा नियमच भेदभावाचा असेल तर थेट आयुक्त.

तक्रार मागे घ्या असा फोन

तो येणार. आवाज गोड असेल. ‘चेकबुक तयार आहे, येऊन घेऊन जा, आणि ती तक्रार तेवढी मागे घ्या ना, वर विचारणा होते.’ चेकबुक घ्या. मागे घेण्याचं पत्र त्यांनी टाइप करून ठेवलेलं असेल तर त्यावर सही करू नका, कारण त्यात बऱ्याचदा ‘गैरसमजातून तक्रार केली होती’ असं वाक्य असतं. आपण आपलं लिहून द्या: ‘अमुक तारखेला मागितलेली सुविधा अमुक तारखेला मिळाली.’ दोन तारखा, मधले दिवस कुणालाही मोजता येतात. आणि खाली एक ओळ जोडा: ‘यापुढे दृष्टिबाधित खातेदारांना ही सुविधा देण्याबाबत शाखेतील कर्मचाऱ्यांना दिलेल्या सूचनेची प्रत मिळावी.’ प्रत मिळाली तर ओळखीतल्या पुढच्या माणसाला पाठवा. तो तीच घेऊन काउंटरवर जाईल.