चेंडू सोडून बचावपटूकडे पाहताना

बास्केटबॉलची पंचगिरी सुरू केली तेव्हा नियम मला तोंडपाठ होते. तरीही पहिल्या शालेय स्पर्धेत निम्मे फाऊल मी अंदाजानेच दिले, कारण खेळाडू असतानाच्या सवयीने माझी नजर चेंडूवरून हलत नसे. मध्यंतरात एका ज्येष्ठ पंचांनी विचारले, "तो मुलगा उडी मारण्याआधी बचावपटूचे पाय कुठे होते?" मी ब्लॉकचा, म्हणजे बचावपटूने चुकीने वाट अडवल्याचा, फाऊल दिला होता, पण याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

बचावपटू समोर तोंड करून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून वाटेत आधी उभा राहिला असेल, तर छातीवर येऊन आदळणाऱ्या आक्रमकाचाच फाऊल होतो; त्याला चार्ज म्हणतात. मात्र आक्रमक हवेत गेल्यावर बचावपटू त्याच्या खाली शिरला, तर चूक बचावपटूची. बास्केटखालच्या १.२५ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात उभ्या बचावपटूला हवेतून आलेल्या खेळाडूविरुद्ध चार्ज मिळत नाही. हात सरळ वर ठेवून जागच्या जागी उडी मारणाऱ्याला, धक्का कितीही जोरात बसो, शिक्षा करू नये. नवे पंच इथेच धडकेच्या आवाजाला फसतात.

रिंगजवळचे निर्णय वेगळे. शॉटचा चेंडू ३.०५ मीटर उंचीवरील रिंगच्या पूर्णपणे वर असून खाली येऊ लागल्यावर त्याला हात लावणे म्हणजे गोलटेंडिंग. चेंडू रिंगला लागून उडाला, की आपल्याकडे चालणाऱ्या फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार तो कोणीही टोलवू शकतो. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये तो रिंगच्या वर असेपर्यंत हात लावता येत नाही, आणि टीव्हीवर ते सामने पाहणारे पालक त्यावरून हमखास ओरडतात. त्यांच्याकडे वळून पाहू नये. चेंडू रिंगला टेकलेला असताना जाळी, रिंग किंवा बोर्डाला हात लावला, तर मात्र तो इंटरफिअरन्स ठरतो. तो बचावपटूने केला, तर शॉट जिथून मारला त्यानुसार दोन किंवा तीन गुण द्यावेत; आक्रमकाने केला, तर चेंडू आत गेला तरी बास्केट रद्द होते.

दोन पंच असतील, तेव्हा चेंडूची झेप मागच्या पंचाने पाहायची असते. बास्केटखालच्या पंचाने मान वर करू नये, कारण रिबाउंडसाठी, म्हणजे हुकलेल्या शॉटचा परत येणारा चेंडू मिळवण्यासाठी, कोपरे आणि कंबरेचे धक्के नेमके त्याच क्षणी चालतात. मला ही सवय लागायला अख्खा एक हंगाम गेला, आणि त्यात माझी मान कितीदा वर गेली हे माझ्या जोडीदार पंचालाच ठाऊक.